खाल्ल्या मिठाला

केस जाळायला वाळकी करवी घातली
तेव्हा उठलेला वास अजून नाकातून गेलेला नाही.
हिंदुराव आप्पा पाय धरून उलथवत होते डुक्कर,
कृष्णात विळ्याच्या पाठीनं खरवडत होता
आणि काळ्याखालून पांढरं कातडं निघत होतं,
न्हाव्यानं नुकत्याच सोडलेल्या गालासारखं.

ठासणीची बंदूक फणसाला टेकून उभी.
ती कुणाची, हे आम्हांला ठाऊक नव्हतं.
तसंच सांगायचं ठरलं होतं.

तीन धोंड्यांची चूल,
पाटगावातून डोकीवर चढवून आणलेली डेग,
राखेत पुरलेले अख्खे कांदे,
निखाऱ्यावर करपत चाललेली खोबऱ्याची वाटी.
काळीज आधी. करवंदीच्या काटकीला टोचून
ईश्वरामामा ते असं फिरवत होता
जणू बाळाला शेक देतोय.
चरबीचा थेंब पडला की जाळ दचकायचा.

मग आप्पांनी विचारलं, मीठ कुणाकडं हाय?
सगळे एकमेकांच्या तोंडाकडं.
"चटणीत असतंय की वो."
"चटणीतलं एवढ्याला पुरतंय व्हय रं, येड्या?"

सगळ्यांत लहान मी, म्हणून मी.
बॅटरी दिली नाही, उजेड खालून दिसतो म्हणून.
फक्त एक बोट दिलं, ओठावर आडवं धरून.

उतरणीला झोऱ्यांचा धनगरवाडा.
त्याच्या अलीकडं ठकूबाईचं नाचणीचं तुकडं,
अर्धं उभं, अर्धं नांगरल्यासारखं उलथलेलं.
चार मेढींवर माळा, माळ्यावर घोंगडं,
घोंगड्यात ती, आणि पुढ्यात डालड्याचं डबडं.
काठी मारायची, थांबायची, ऐकायची.
पुन्हा मारायची.

खाली उतरली. खोपटातनं ओंजळभर खडेमीठ
पळसाच्या पानात बांधून दिलं.
"एवढ्या रातीचं मीठ?"
"भात करायलोय."
तिनं माझ्या सदऱ्याचा वास घेतला. सावकाश.
"डुक्कर पडलं आसंल तर सांग पोरा.
वाटा नगं मला, दात कुठं हाईत?
नुस्तं सांग. म्हंजे निजतो.
दसऱ्यापासनं पाठ टेकल्याली न्हाई."

मीठ माझ्या मुठीत पाघळत होतं.
"भातच हाय," मी म्हणालो.

पहिला तुकडा पानावर, देवाला, झाडाच्या बुडख्याशी.
मग आम्ही.
थंड नाचणीची भाकरी जाळावर धरून मऊ केलेली,
तांबडाभडक रस्सा, हाडं चोखताना होणारा आवाज,
कुणी बोलत नव्हतं, नाकं तेवढी वाहत होती.
मीठ बरोबर पडलं होतं. आप्पा तसं म्हणालेही.

तेवढ्यात खालून आवाज आला.
टण्. टण्.
थांबून, ऐकून, पुन्हा टण्.

"कोण बडवतंय रं?"
"म्हातारी. डुक्कर हाकलतीया."
कृष्णात इतका हसला की ठसका लागला,
पाठीत गुद्दे घालावे लागले.
मामाही हसला. मीही हसलो, घास गालात ठेवून.
मग हसणं संपलं आणि डबडं वाजतच राहिलं.

आप्पांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.
जाळात एक लाकूड सारलं,
मग तेच बाहेर ओढलं. बोलले काहीच नाहीत.
खाली वाजत होतं.
जे आमच्या पोटात होतं
त्याला ती रात्रभर भिववत होती.

तांबडं फुटताना वाटे पडले.
माझ्या पिशवीत बरगडीचा वाटा आणि खाली उरलेलं मीठ,
पानासकट, परत द्यायला म्हणून घेतलेलं.

माळ्यावर ती बसल्या बसल्या निजली होती.
काठी डबड्यावर टेकलेली, मूठ तशीच वळलेली,
तोंड थोडं उघडं.
हाक मारायला तोंड उघडलं मी.
पण उठवून तिला सांगणार काय होतो?
निज, एवढंच ना.

मीठ मेढीच्या बेचक्यात ठेवलं.
तिचं कुत्रं मात्र उठलं,
ठिबकणारी पिशवी हुंगली,
वर माझ्याकडं बघितलं
आणि भुंकलं नाही.